रेघा ओढण्याआधी पुण्याचा दिवस पाहा

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा १९८७ साली मंजूर झाला. त्याच्या पुढचा मंजूर व्हायला २०१७ साल उजाडलं. मधली तीस वर्षं आठवून पाहा. घरी टेलिफोन यावा म्हणून वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारं शहर खिशात फोन घेऊन फिरू लागलं. हिंजवडीच्या शेतांवर आयटी पार्क उभा राहिला. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली आणि ती तुकड्यातुकड्यानं विकण्याऐवजी स्वतःच वसाहत उभारली. सायकलींचं शहर म्हणून जे ओळखलं जायचं तिथल्या सायकली जिन्याखाली गंजल्या आणि रस्ते दुचाकींनी भरले. एकत्र कुटुंबं विभागली, मुलं परदेशी गेली, घरोघरी नवरा-बायको दोघंही नोकरीला जाऊ लागले, पोळ्या करायला मावशी येऊ लागल्या, पाळणाघरं निघाली. या सगळ्या काळात जुन्या पुण्यात कुठं काय बांधायचं हे ठरवणारा नकाशा मात्र १९८७चाच होता.

२०१७मध्ये मंजूर झालेला आराखडा खरं तर २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठीचा. तो हाती आला तेव्हा निम्मी मुदत संपून गेली होती. कायद्यानुसार आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून एकदा तरी व्हायला हवी, आणि २०२७ आता दारात आहे. म्हणून पुढच्या आराखड्याच्या रेघा ओढल्या जाण्याआधी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपण शहर आखतो ते जमिनीचे तुकडे पाहून. त्या तुकड्यांवर माणसं आपला दिवस कसा काढतात, हे त्या प्रक्रियेत कुणी बघत नाही. आखणीची सुरुवात रोजच्या जगण्याच्या पाहणीपासून झाली नाही, तर कितीही हुशार नगररचनाकार बसवले तरी पुढचा आराखडा जन्मतःच शिळा असेल.

प्रक्रिया कशी चालते ते आधी पाहू. तिचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. महापालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग कलम २५ प्रमाणे अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा तयार होतो : कुठं घरं, कुठं दुकानं, कुठं शाळा, कुठं मोकळी जागा. त्यावर पुढच्या लोकसंख्येचा अंदाज बसवला जातो, रस्तारुंदीच्या रेघा पडतात, आरक्षणांचे, म्हणजे शाळा-बागांसारख्या सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागांचे, रंग भरले जातात आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्यानंतर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढं सुनावणी होते आणि कागद मंत्रालयाकडं जातात. या साखळीत सामान्य नागरिक पहिल्यांदा येतो तो सगळं रंगवून, छापून झाल्यावर.

२०१३मध्ये पुण्याचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. पुणेकर हरकत घेण्यात पटाईत, असं म्हणून तेव्हा अनेकांनी तो आकडा हसण्यावारी नेला. मला त्यात वेगळं काही दिसतं. एवढ्या लोकांना बोलायचं होतं आणि तोंड उघडायची पहिली संधी शेवटाला मिळाली, म्हणून तो लोंढा आला. इतक्या जणांची सुनावणी घ्यायची म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला काही मिनिटंच येणार. पुढं २०१५मध्ये राज्य शासनानं आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि शासकीय समितीकडं सोपवला. म्हणजे नागरिक तर बाजूला राहिलेच, निवडून दिलेले नगरसेवकही राहिले.

या पद्धतीत आणखी खोलवरचा एक दोष आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. हरकत कोण घेतो? ज्याच्या प्लॉटवर आरक्षण पडलं तो. ज्याच्या सोसायटीचं कंपाउंड रस्तारुंदीत जातं तो. ज्याच्याकडं सातबारा किंवा खरेदीच्या नोंदणीचा इंडेक्स टू आहे त्यालाच नकाशात स्वतःचं काही सापडतं. भाडेकरूला काय सापडणार? रोज वारज्याहून डेक्कनला बसनं येऊन चार घरची कामं करणाऱ्या बाईला त्या नकाशात कुठं बोट ठेवता येईल? तिचं सगळं आयुष्य या शहरात जातं, पण त्यातला एकही सर्व्हे नंबर तिचा नाही. आपल्या प्रक्रियेनं नागरिकाचा मिळकतदार करून टाकला आहे, आणि ज्यांची मिळकत नाही त्यांचं म्हणणं मांडायला अर्जाचा नमुनासुद्धा नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुण्याच्या मध्यभागीच आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमध्ये आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली राहतात. बीड, लातूर, परभणी, नांदेड, यवतमाळ, सोलापूर, सगळीकडून आलेली. कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत चार-पाच जण. पहाटे उठून अभ्यासिकेत जागा धरायची, नऊच्या सुमारास अमृततुल्यवर चहा, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका, संध्याकाळी कुठल्या तरी पायरीवर किंवा दुकानाच्या बंद शटरपुढं चालू घडामोडींवर चर्चा, रात्री उशिरा परत खोली. त्यांच्या जिवावर पेठांतल्या खानावळी, झेरॉक्सची दुकानं, पुस्तकांची दुकानं, नाश्त्याच्या गाड्या चालतात. अनेक जुन्या घरमालकांचं म्हातारपण त्यांच्या भाड्यावर निभावतं. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूत, आणि वरच्या मजल्यावर परभणीची सहा मुलं : पेठेतल्या किती तरी घरांची आजची घडण अशी आहे.

जमीन वापराच्या नकाशात ही इमारत ‘निवासी’. तिच्या दुसऱ्या मजल्यावर दोनशे खुर्च्यांची अभ्यासिका आहे, खाली उतरायला एकच लाकडी जिना आहे, मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहं नाहीत, रात्री अकराला खोलीकडं जाताना गल्लीतला दिवा बंद असतो, यातलं काहीही त्या रंगात मावत नाही. या मुलांची नावं बहुतेक गावाकडच्या मतदार यादीत असतात. त्यामुळं कुठल्याही प्रभाग कार्यालयात त्यांना कुणी विचारत नाही. शहरांच्या कारभाराविषयीची ७४वी घटनादुरुस्ती त्यांना तोंडपाठ असते. बाराव्या अनुसूचीतले १८ विषय ती झोपेतही सांगतील, आणि त्यातला पहिलाच विषय नगर नियोजन आहे. ज्या पेठेत बसून ती हे पाठ करतात त्या पेठेच्या नियोजनात त्यांना जागा नाही. रात्रभर उघडी राहणारी सार्वजनिक वाचनालयं, सुरक्षित जिने, रस्त्यावरचे दिवे, बसायला चार बाकं, एवढ्यानं त्यांचा दिवस किती सुसह्य होईल! त्यासाठी वीस वर्षांचा आराखडाही लागत नाही, फक्त ती तिथं आहेत हे आखणाऱ्याला दिसावं लागतं.

जुन्या पुण्याची आखणी कुणा एका नगररचनाकारानं कागदावर केली नव्हती, पण ती रोजच्या जगण्याला धरून होती. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, परस अशा पायऱ्यापायऱ्यांनी रस्ता घरात शिरायचा. अनोळखी माणूस देवडीपर्यंत, ओळखीचा ओसरीपर्यंत, आप्त माजघरात. रस्त्यावर पार होता, देवळाची पायरी होती. पेशवाईत कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं आणलेलं पाणी शहरातल्या हौदांत पडायचं आणि हौदाभोवती लोक जमायचे. या आठवणी काढताना मात्र एक विसरता कामा नये. ते पाणी आणि तो पार सगळ्यांचा नव्हता. जोतीराव फुल्यांना १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, कारण शहराच्या हौदांवर त्यांना मज्जाव होता. बाईला पारावर बसायची मुभा नव्हती. तेव्हा वाड्यांच्या काळाकडं परत चला, असं मी म्हणत नाही. घर आणि रस्ता यांच्या मधल्या जागा हीच शहराची खरी शाळा असते, आणि त्या कुणाला खुल्या आहेत हा आखणीचा पहिला प्रश्न असतो, एवढंच त्या इतिहासातून घ्यायचं.

आज त्या मधल्या जागांचं काय चाललं आहे ते पुनर्विकासात दिसतं. कोथरूड, एरंडवणे, प्रभात रस्ता, सहकारनगर, कुठंही जा, तीन मजली जुन्या सोसायट्या पाडून दहा-बारा मजली इमारती उठत आहेत. घरं मोठी होतात, लिफ्ट येते, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांची सोय होते. ते हवंच आहे, त्याला विरोध करण्याचं काही कारण नाही. पण नव्या इमारतीचा तळमजला पाहा. तिथं फक्त पार्किंग. पूर्वी त्याच जागी इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, शिंपी, दूध डेअरी, एखादा डॉक्टर असायचा. गिरणीत डबा ठेवायला गेलेल्या बाईला दोन शेजारणी भेटायच्या, शिंप्याला गल्लीतलं प्रत्येक पोर ओळखायचं. आता फुटपाथच्या कडेला खांब, खांबांमागं गाड्या, गाड्यांमागं लिफ्ट. अशा शंभर इमारती ओळीनं उभ्या राहिल्या की तो रस्ता संध्याकाळी सातनंतर बायकांना एकट्यानं चालायला नकोसा होतो. प्रत्येक इमारत नियमात बसते. शेवटी मिळून जो रस्ता तयार होतो त्याचा विचार करण्याचं काम मात्र कुठल्याच टेबलावर नाही.

हे असं का होतं? कारण नियमावली एका प्लॉटपुरतं बोलते. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभरासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात किती बांधता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही. त्याच वर्षी ६ मीटरचे शेकडो रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला, तेव्हा त्यामागचं कारण वाहतूक होतं की वाढीव बांधकाम, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. गल्ली रुंद करायची की नाही याचं उत्तर खरं तर गल्लीत काय चालतं यावरून यायला हवं. तिथं मुलं क्रिकेट खेळतात का, भाजीची हातगाडी उभी राहते का, गणपतीचा मांडव कुठं पडतो, रुग्णवाहिका आत येऊ शकते का. यातल्या शेवटच्या प्रश्नासाठी रुंदी वाढवावी लागेलही. पण मग ती रुंदी दुतर्फा उभ्या गाड्या खाणार नाहीत याची हमी कोण देणार?

रस्त्यांच्या बाबतीत पुण्याचा अनुभव फार महागात पडला आहे. डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली प्रायोगिक बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनची व्यवस्था, सुरू झाली. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. रस्त्याची जागा माणसांच्या संख्येप्रमाणे वाटायची, वाहनांच्या संख्येप्रमाणे नाही, यापेक्षा न्याय्य विचार दुसरा नाही. पण बसथांबा रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि त्याच्यापर्यंत म्हातारं माणूस, पिशव्या घेतलेली बाई, शाळेचं पोर कसं पोहोचेल याचा विचार मागाहून झाला. बस पुरेशा नव्हत्या, त्यामुळं शेजारच्या लेनमध्ये अडकलेल्या दुचाकीस्वाराला मोकळी बसलेन डोळ्यांत खुपायची. प्रवाशाच्या घरापासून थांब्यापर्यंतचा तो दहा मिनिटांचा प्रवास आखणीत नव्हताच. शेवटी नगर रस्त्यावरची बीआरटी उखडून टाकण्यात आली. जो मार्ग बसच्या प्रवाशाला डावलून आखला गेला, तो मोडताना त्याच्या बाजूनं ओरडायला कुणी उरलं नाही. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक टिकले आणि २०२०मध्ये मेट्रो व दुमजली पुलासाठी पाडले गेले. ते बांधताना मेट्रोचा विचार कुणी केला होता का, आणि केला नसेल तर का नाही, याचा जाहीर हिशेब पुणेकरांना मिळायला हवा होता.

आता मेट्रो आली आहे. मार्च २०२२मध्ये वनाझ ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी हे तुकडे सुरू झाले, सप्टेंबर २०२४मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा. गाड्या छान आहेत, लोक वापरत आहेत. स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरल्यावर मात्र पुन्हा जुनंच पुणं भेटतं : फुटपाथवर चढलेल्या दुचाकी, उखडलेले ब्लॉक, रिक्षासाठी वाटाघाट. आणि या रस्त्यावर एक नवा रहिवासी आला आहे, त्याची दखल कुठल्याच नियोजनात नाही. डिलिव्हरीचा मुलगा. शहरातला अर्धा स्वयंपाक आणि किराणा आता त्याच्या पाठीवरून फिरतो. ऑर्डर येईपर्यंत तो बसतो कुठं? दुचाकीवरच, हॉटेलपुढच्या फुटपाथला टेकून. पाणी, सावली, स्वच्छतागृह यांपैकी काहीही त्याच्यासाठी नाही. सोसायटीच्या गेटवर त्याला अडवतात, लिफ्ट वापरू नको म्हणतात. ज्याच्यावाचून आपला एक दिवस जात नाही, त्याला शहरात दोन मिनिटं टेकायला हक्काची जागा नाही, ही गोष्ट मला टोचते.

टेकड्या आणि ओढे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक सांगायलाच हवं. नकाशावर वेताळ टेकडी हिरवा डाग असते आणि बालभारती ते पौड फाटा ही त्यावरून जाणारी नियोजित रस्त्याची सोपी रेघ. २०२३मध्ये लोक त्या रेघेविरुद्ध रस्त्यावर उतरले कारण त्यांची पहाट त्या टेकडीवर उगवते. तिथलं प्रत्येक झाड, प्रत्येक पाऊलवाट त्यांच्या पायांना माहीत आहे. उलट आंबिल ओढ्याच्या काठची माणसं पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होती. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ते पाणी घरांत शिरलं आणि माणसं वाहून गेली. दोन्हीकडं जागेचं ज्ञान तिथं रोज वावरणाऱ्यांजवळ होतं. प्रक्रियेकडं ते मागायची सोय नव्हती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. सगळ्यांना विचारत बसलं तर काहीच उभं राहणार नाही, आणि लोकांना विचारलं तर ते पार्किंगच मागतील. दुसऱ्या भागात तथ्य आहे. पुणे महापालिकेनं २००६-०७पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली, पाच लाख रुपयांपर्यंतची. देशात फार थोड्या शहरांनी हे केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यातून बऱ्याचदा बाकं, नामफलक आणि पेव्हर ब्लॉकच सुचवले गेले, कारण अर्ज भरणारी माणसं तीच ती : वेळ असणारी, ओळख असणारी, सोसायटीच्या कमिटीवरची. बैठकीला बोलावणं म्हणजे सहभाग, असं समजलं की बैठकीला येऊ शकणाऱ्यांचंच शहर तयार होतं. सकाळी सहापासून कचरा गोळा करणारी बाई रविवारी अकराच्या सभेला येणार नाही. तिचं म्हणणं ऐकायचं तर तिच्या फेरीत तिच्याबरोबर चालावं लागेल.

ते करता येतं, याचा पुरावाही पुण्यातच आहे. कागद-काच-पत्रा गोळा करणाऱ्या बायका १९९३पासून संघटित होत्या. २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करू लागली. त्यांचं काम आधीपासून ज्या रीतीनं चालायचं, त्यावरच ती व्यवस्था उभी राहिली. बाहेरून आणलेला साचा त्यांच्यावर बसवला गेला नाही. म्हणून ती इतकी वर्षं टिकली. आराखड्यानं मात्र त्यांना अजून पुरेशी जागा दिलेली नाही. सुका कचरा वेगळा करायला निवाऱ्याची जागा लागते. ती नसल्यानं कित्येक ठिकाणी हे काम फुटपाथवर, उन्हात, रहदारीच्या कडेला बसून चालतं. प्रत्येक प्रभागात अशा जागेचं आरक्षण टाकायला कोणता कायदा आड येतो?

तर मग करायचं काय? कलम २५च्या जमीन वापर नकाशाबरोबर रोजच्या वापराचीही पाहणी व्हावी. ही कल्पना पुण्याला परकी नाही. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेनं स्वातंत्र्यापूर्वीच या शहरातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती : कोण काय काम करतं, काय कमावतं, कसं राहतं. आजच्या पाहणीत त्याला दिवसाचे तास जोडायला हवेत. एखाद्या चौकात सकाळी सहा ते रात्री अकरा कोण उभं राहतं, कोण थांबतं, कोण रस्ता ओलांडायला किती वेळ ताटकळतं. म्हातारी माणसं बाजाराला चालत जातात की आता जातच नाहीत, आणि जात नसतील तर वाटेत नेमकं काय आडवं येतं. मुली कुठली गल्ली टाळतात. शहरात वास्तुकलेची आणि समाजकार्याची इतकी महाविद्यालयं आहेत. एका शैक्षणिक वर्षात त्यांचे विद्यार्थी सगळे प्रभाग पालथे घालू शकतील. उपग्रहाच्या छायाचित्रातून छप्पर दिसतं. छपराखाली अभ्यासिका आहे की गोदाम, हे दार ठोठावल्याशिवाय कळत नाही.

काँक्रीट ओतण्याआधी करून पाहायची सवयही लागायला हवी. डिसेंबर २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तिथं लहान मुलं रस्त्याच्या मधोमध धावतात, चाकाच्या खुर्चीवरची माणसं खरेदीला येतात. मग तो एका दिवसाचा सोहळा का राहावा? दर शनिवारी करा, तीन महिने करा, दुकानदारांचा धंदा वाढतो की घटतो ते मोजा, माल उतरवायची वेळ कुठली ठेवायची ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा, आजूबाजूच्या गल्ल्यांत गाड्यांची किती गर्दी होते तेही नोंदवा. जमलं नाही तर बॅरिकेड उचलून ठेवता येतात. पाडलेला पूल पुन्हा वापरात येत नाही. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ झाले तेव्हाही आधी कुरकुर झाली होती; आज तिथं आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले दिसतात. त्या रस्त्यानं काय साधलं आणि काय नाही याची मोजणी करून ती जाहीर केली असती, तर पुढच्या रस्त्याला तिचा उपयोग झाला असता.

वीस वर्षांची मुदतही आता परवडणारी नाही. मोठे रस्ते, टेकड्या, नदी-ओढ्यांचे काठ, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांना लांबची नजर लागते. तिथं तर उलट अधिक कडक राहायला हवं, दर निवडणुकीला हिरवा रंग पुसट होता कामा नये. पण फुटपाथ, बाजार, मैदानं, अभ्यासिका, पाळणाघरं, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं यांचा आराखडा प्रभागाच्या पातळीवर, दर पाच वर्षांनी, पाहणीसकट नव्यानं व्हावा. आज एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून जास्त लोक आणि बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. त्यातल्या कुणाला विचारायचं हेच लोकांना कळत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या दिल्या त्या लोकांच्या जवळ निर्णय यावेत म्हणून. त्यांच्याखाली मोहल्ल्याच्या पातळीवरची सभा हवी, आणि तिथं भाडेकरूलाही मत हवं.

हे पुण्यात आत्ताच व्हायला हवं, कारण शहर झपाट्यानं पसरलं आहे. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये आणखी २३ गावं हद्दीत आली आणि क्षेत्रफळानं पुणे महापालिका राज्यात सगळ्यात मोठी झाली. नव्या २३ गावांचं नियोजन महापालिकेनं करायचं की पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, यावर वाद झाला. गावकऱ्यांना काय हवं हा प्रश्न त्या वादात कुणी काढला नाही. वाघोलीत, मांजरीत, सूसमध्ये, म्हाळुंग्यात रस्त्याआधी टॉवर आले. तिथं राहायला आलेली तरुण कुटुंबं टँकरचं पाणी पितात आणि मुलाला मैदान दाखवायला गाडी काढतात. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ची निवडणूक, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, महापालिकेत नगरसेवकच नव्हते. सगळे निर्णय प्रशासकांच्या सहीनं झाले.

आता सभागृह पुन्हा भरलं आहे. त्यातल्या सगळ्याच पक्षांच्या सदस्यांकडं माझी मागणी आहे : पुढच्या आराखड्याचा इरादा जाहीर करणारा ठराव जेव्हा समोर येईल तेव्हा त्यात रोजच्या जगण्याच्या पाहणीसाठी वेगळी तरतूद आणि वेगळी मुदत घाला. पाहणीचे निष्कर्ष प्रारूप आराखड्याच्या निदान सहा महिने आधी, प्रभागवार, मराठीतून प्रसिद्ध करा. सल्लागार नेमाल त्याच्या करारात ही अट लिहा की ज्या रस्त्याची रुंदी बदलायची किंवा ज्या जागेचं आरक्षण हलवायचं, तिथं आज कोण काय करतं हे त्याच पानावर लेखी नोंदवलेलं असेल, आणि ती नोंद नसेल तर तो बदल सभागृहापुढं येणार नाही.